पहिले स्केट्स वाढत्या पायाचे घेऊ नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी सात वर्षांची, पुढच्या महिन्यापासून सोसायटीजवळच्या स्केटिंग क्लासला जाणार. दुकानदार म्हणतो, दोन नंबर मोठे घ्या, तीन वर्षं बघायला नको. क्लासमधल्या दोन-तीन आया म्हणतात, आता क्वाड (दोन चाकं पुढे, दोन मागे) कोण घेतं, सरळ इनलाइन (चाकं एका रांगेत) घ्या. तिच्यासाठी बजेट पाच हजारांच्या आतलं. शिवाय तुम्हाला स्वतःलाही, वयाच्या 38 व्या वर्षी, तिच्याबरोबर शिकायचंय. मी पुण्यात बावीस वर्षं मुलांना आणि अलीकडे मोठ्यांनाही स्केटिंग शिकवते, त्यामुळे हा प्रश्न दर जूनमध्ये माझ्यापुढे येतो. सविस्तर लिहिते, कारण पहिली जोडी चुकली की बरीच मुलं खेळच सोडतात. त्यांना खेळ आवडला नव्हता असं नसतं, त्यांचे पाय दुखत होते.

दोन नंबर मोठे घेऊ नका. शाळेचा गणवेश वाढत्या अंगाचा घेतला तर बाही दुमडता येते, कंबरेला टाका घालता येतो. स्केट दुमडता येत नाही. चाकाला दिशा देतो तो पाय, आणि पायाचा निरोप चाकापर्यंत पोचवतो तो बूट. बुटात पाय खेळत असेल तर मूल पाय वळवतं, बूट क्षणभराने वळतो, आणि तेवढ्यात तोल गेलेला असतो. मग मूल बुटाला धरून ठेवण्यासाठी पायाची बोटं आवळतं. बोटं आवळली की पोटऱ्या ताठतात, पोटऱ्या ताठल्या की गुडघे वाकत नाहीत, आणि गुडघे सरळ ठेवून स्केटिंग करता येत नाही. पडण्याची सुरुवात अशी बुटाच्या चोचीपासून होते.

काही वर्षांपूर्वी एक आठ वर्षांचा मुलगा माझ्याकडे आला. आधी दुसरीकडे चार महिने शिकला होता आणि अजून कठडा सोडत नव्हता. वडील त्याच्यासमोरच म्हणाले, "जरा घाबरट आहे." मी त्याला पायरीवर बसवलं आणि नाडी सोडली. आत मोज्यांचे दोन जोड होते. बूट उपडा केला तर कापसाचा बोळा पडला, इतका दाबला गेलेला की त्याला बुटाच्या टोकाचा हुबेहूब आकार आला होता. पाय मोजला तर 205 मिलिमीटर, आणि बूट 230 चा. क्लासच्या पेटीतली त्याच्या मापाची जुनी, रंग उडालेली जोडी त्याला घातली. चौथ्या फेरीला त्याने कठड्यावरचा हात काढला. त्या दिवसापासून मी कुणालाही घाबरट म्हणण्याआधी बूट बघते.

म्हणून दुकानात जायच्या आधी घरी पाय मोजा. संध्याकाळी मोजा, कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो. स्केटिंगला घालणार तेच मोजे घालायचे, पातळ, पोटरीपर्यंत येणारे, एकच जोड. जमिनीवर कागद, मुलीची टाच भिंतीला टेकलेली, दोन्ही पायांवर सारखं वजन देऊन उभी. बसून मोजलेला पाय लहान भरतो. सगळ्यात लांब बोटाला जाड पुठ्ठ्याचं पुस्तक उभं लावून रेघ मारा आणि भिंतीपासूनचं अंतर मिलिमीटरमध्ये लिहून ठेवा. लांब बोट अंगठाच असेल असं नाही, काहींचं शेजारचं बोट पुढे असतं. दोन्ही पाय मोजा आणि मोठा पाय धरा.

ही मिलिमीटरची भानगड का, तर नंबरांचा गोंधळ. आपल्याकडचे शाळेचे बूट ब्रिटिश नंबरवर चालतात, अमेरिकन नंबर त्याहून साधारण एकाने पुढे असतो, आणि इनलाइनवर बहुतेक वेळा युरोपियन नंबर असतो. दुकानदार "दोन नंबर" म्हणतो तेव्हा कुठला दोन, हे त्यालाही सांगता येतंच असं नाही. डब्यावर किंवा बुटाच्या जिभेवर सेंटीमीटरचा आकडा शोधा. नसेल तर आतलं तळवं बाहेर काढा आणि मुलीला त्यावर उभं करा. पुढे किती जागा उरते ते डोळ्यांना दिसतं. वाढत्या मुलासाठी 8 ते 10 मिलिमीटर पुरे, म्हणजे तिच्या करंगळीच्या जाडीएवढी. मोठ्या माणसाला 5 च्या वर नको.

घालून बघण्याचीही रीत आहे. पाय आत घातल्यावर टाच मागे ठोकून बसवायची, मग नाडी. पुढे चवड्यावर सैल, मध्ये पायाच्या उंचवट्यावर घट्ट, वर घोट्याशी बेताची. वरचा भाग बांधताना गुडघा पुढे वाकलेला हवा. सरळ उभं राहिल्यावर बोट टोकाला निसटतं लागलं तरी चालेल, गुडघे वाकवल्यावर सुटायला हवं. हे बरोबर आहे, तिला "बोट लागतंय का?" एवढंच विचारून थांबू नका. मग तुम्ही बूट जमिनीला दाबून धरा आणि तिला टाच उचलायला सांगा. टाच आतल्या आत उचलली गेली तर तो बूट नको, बाकी कितीही देखणा असला तरी. पाठीमागून बघा: घोटे आतल्या बाजूला पडतायत का? पालक म्हणतात, "तिचे घोटेच कमजोर आहेत." माझ्या अनुभवात दहातल्या आठ वेळा बूट सैल असतो.

दुकानात दहा-पंधरा मिनिटं ते घालून बसू द्या. नव्या बुटाचा सर्वांगाने घट्टपणा चालतो, तो काही दिवसांत सैलावतो. एकाच जागी, घोट्याच्या हाडावर किंवा करंगळीशी बूट चावत असेल तर तो पुढेही चावणारच.

आता "मग दरवर्षी नवीन घ्यायचे का?" या रास्त प्रश्नाकडे. सात वर्षांच्या मुलीचा पाय वर्षात नंबर-दीड नंबर वाढू शकतो, आणि दरवर्षी खर्च करणं प्रत्येकाला जमत नाही. यावर चांगला तोडगा म्हणजे बटण किंवा खटका दाबून लांबी वाढणारे बूट. साधारण तीन-चार नंबर त्यात सामावतात. मात्र घेताना मुलीचा पाय त्या पल्ल्याच्या सुरुवातीच्या दुसऱ्या खाचेवर बसेल असे बघा. पहिल्या खाचेवर लांबी जमते, पण घोट्याभोवतीचा भाग मोठ्या पायाचाच असतो आणि तो सैल राहतो. बटण दाबून तीन-चारदा मागेपुढे करा. खटका नीट बसल्याचा आवाज यायला हवा आणि हाताने ओढल्यावर पुढचा भाग सरकायला नको.

नेहमीच्या बुटांवर पट्ट्यांनी बांधायचे स्केट्स, ज्यांना सगळे टेनॅसिटी म्हणतात, ते हजार-दोन हजारांत मिळतात आणि खालचा नट सैल करून लांबवता येतात. मी स्वतः लोखंडी पट्ट्यांच्या स्केट्सवरच शिकले, त्यामुळे त्यांना नावं ठेवणार नाही. मूल टिकेल की नाही याची खात्री नसेल तर पहिल्या दोन महिन्यांसाठी ते ठीक आहेत. पण त्यात घोट्याला आधार नसतो आणि दर दहा मिनिटांनी पट्टा सैल होतो. तुमचं बजेट पाहता मी सरळ बुटाचे स्केट्स घेईन.

क्वाड की इनलाइन? क्वाडची चार चाकं गाडीसारखी, दोन पुढे दोन मागे. 1863 मध्ये न्यूयॉर्कच्या जेम्स प्लिम्प्टनने या रचनेत चाकांचे जोड आणि बुटाखालची तळपट्टी यांच्यामध्ये रबर घातलं. तेव्हापासून नुसतं अंग कलवलं की स्केट वळतो. आजही तेच रबर तिथे असतं आणि मुलांना तोल शिकवायला याहून चांगलं साधन मला माहीत नाही. उभं राहायला आधार रुंद, पुढे रबरी स्टॉपर. तोटा एकच, चाकं लहान, त्यामुळे खडा आला की अडकतात. इनलाइनची चाकं एका रांगेत आणि मोठी, खडबडीत जागेवर ती सहज जातात. पण बाजूचा तोल पूर्णपणे घोट्यावर, आणि थांबायचं ते टाचेच्या ब्रेकने. ते शिकायला थोडा वेळ जातो, अशक्य काही नाही.

म्हणजे निवड जागेवर ठरते. कोबा गुळगुळीत असेल किंवा क्लासला खरी रिंक असेल तर क्वाड. सोसायटीत सगळीकडे पेव्हर ब्लॉक असतील तर क्वाडच्या 62 मिलिमीटरच्या चाकांनी पोरीच्या दातांपर्यंत हादरे पोचतील, तिथे इनलाइन बरे. आणि सगळ्यात आधी तुमच्या क्लासच्या सरांना विचारा की नवीन मुलांची तुकडी ते कशावर घेतात. वीस मुलं क्वाडवर आणि एकटी तुमची इनलाइनवर असेल, तर सर सांगतील ते तिला लागूच पडणार नाही.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगते. चीनमधल्या हांगझोच्या आशियाई स्पर्धेत 2023 मध्ये आपल्या पुरुष आणि महिला दोन्ही संघांनी स्केटिंगच्या 3000 मीटर रिलेत कांस्य मिळवलं. पुरुषांच्या संघात विक्रम इंगळे आणि सिद्धांत कांबळे ही आपल्या महाराष्ट्राची मुलं होती. 2025 मध्ये आपल्याच आनंदकुमार वेलकुमारने 1000 मीटरमध्ये जागतिक अजिंक्यपद जिंकलं, त्या दिवशी आमच्या रिंकवर पेढे वाटले. या यशानंतर सहा-सात वर्षांच्या मुलांसाठी 100-110 मिलिमीटर चाकांचे, घोट्याखाली संपणारे शर्यतीचे बूट मागणारे पालक वाढलेत. ते बूट वर्षानुवर्षं घोटा कमावलेल्या खेळाडूंसाठी आहेत. नवशिक्या मुलाला त्यात उभं करणं म्हणजे पोहायला शिकण्याआधी विहिरीत ढकलणं. मुलीला शर्यतीची गोडी लागली तर दोन वर्षांनी तिचे सरच सांगतील.

चाकं. स्वस्त स्केट्सना कडक प्लास्टिकची चाकं असतात, फरशीवर खडखडतात आणि वळणावर सटकतात. तुम्हाला पीयूची, म्हणजे पॉलियुरेथेनची हवीत. दुकानात ओळखायचं कसं? अंगठ्याचं नख चाकात जोरात रुतवा. पीयूवर किंचित वळ उठतो आणि विरतो, प्लास्टिकवर नख नुसतं घसरतं. चाकावर 78ए, 82ए, 92ए असे आकडे असतात, तो मऊपणाचा हिशोब. आकडा लहान तितकं चाक मऊ. डांबर, कोबा, पेव्हर यांसाठी 78 ते 85. आतल्या लाकडी किंवा अगदी गुळगुळीत रिंकसाठी 90 च्या पुढे. पॉलिश केलेल्या कोटा फरशीवर कडक चाक घालून मुलाला सोडू नका, पाय निसटतोच.

मग दुकानदार चाकाला बोटाने फिरकी देईल आणि ते किती वेळ फिरतं ते दाखवेल. या खेळाला भुलू नका. हवेत फिरणाऱ्या चाकावर वजन नसतं. नव्या बेअरिंगमध्ये ग्रीस भरलेलं असतं, म्हणून चांगलं चाकही लवकर थांबतं आणि कोरडं, हलकं बेअरिंग बराच वेळ गरगरतं. तुम्ही चाक कानाशी धरून फिरवा. रेती चाळल्यासारखा आवाज नको. चाक दोन बोटांत धरून आडवं हलवा, किंचित हललं तर चालेल, डुगडुग नको. एबेक 5, 7, 9 हे आकडे बेअरिंग किती काटेकोर मापाने बनवलंय ते सांगतात, वेग सांगत नाहीत. हिशोब करून बघा: 62 मिलिमीटरचं चाक ताशी 20 किलोमीटर वेगालाही मिनिटाला साधारण 1,700 फेरेच घेतं, आणि तुमची मुलगी पहिले सहा महिने याच्या निम्म्यानेही जाणार नाही. एबेक 9 साठी जास्तीचे पैसे मोजू नका. बहुतेक स्केट्सची बेअरिंग 608 याच मापाची असतात, पुढे हवी तेव्हा बदलता येतात. चाकंही बदलता येतात. बूट मात्र बदलता येत नाही, म्हणून पैसे बुटात घाला.

शेवटची परीक्षा मी नेहमी काउंटरच्या काचेवर घेते. स्केट काचेवर उभा ठेवायचा आणि प्रत्येक चाकाखाली बिलाचा कागद सरकवून बघायचा. क्वाडच्या एखाद्या चाकाखालून कागद सहज गेला तर तळपट्टी वाकडी आहे किंवा रबर वेगवेगळं आवळलंय. दुसरं असेल तर दुकानातच नट सैल-घट्ट करून घ्या. तरी डुगडुगला तर ती जोडी परत. लहान मुलासाठी नायलॉनची तळपट्टी पुरते, अॅल्युमिनियमचा हट्ट नको.

आता तुमच्याविषयी, आणि हे वाचून तुम्ही मागे हटू नये अशी माझी इच्छा आहे. माझ्याकडे पन्नाशीतल्या दोघी जणी शिकतायत. तुमच्यासाठी वजन हा मुद्दा खरा आहे. इनलाइन आणि क्वाड दोन्हींच्या युरोपियन मानकांत दोन वर्ग असतात, ए वर्ग 100 किलोपर्यंत आणि बी वर्ग 60 किलोपर्यंतच्या माणसासाठी. डब्यावर हे लिहिलेलं असतं. मोठ्या नंबरात मिळणारे बरेच स्वस्त स्केट्स बी वर्गातले असतात, 65-70 किलो वजनाखाली त्यांची तळपट्टी लवते आणि गुडघ्यावर ताण येतो. तुम्ही लांबी न वाढणारा, ठरलेल्या मापाचा बूट घ्या. मुलीसारखाच प्रकार घेण्याचा एक मोठा फायदा म्हणजे घरी दोघींना एकच धडा गिरवता येतो. म्हणून ती क्वाडवर असेल तर तुम्हीही क्वाडच घ्या. वापरलेली जोडी मिळाली तर तुमच्यासाठी चालेल, पाय वाढायचा नसल्याने मापाची घाई नाही. मात्र बरीच वर्षं माळ्यावर पडलेले स्केट्स नीट तपासा. पीयूची चाकं पडून पडून चिरतात, नीट बघितलं की भेगा दिसतात.

बजेट मी असं वाटलं असतं: मुलीच्या स्केट्सना तीन ते साडेतीन हजार, उरलेले हेल्मेट आणि गार्डना. स्केट्सबरोबर जाळीच्या पिशवीत जो सेट मिळतो त्यात गुडघ्याचे आणि कोपराचे गार्ड असतात, पण मनगटाचे नसतात किंवा नुसते हातमोजे असतात. पडताना माणूस हात पुढे टाकतो, लहान असो की मोठा. अमेरिकेत 1996 मध्ये इनलाइन स्केटिंगच्या दुखापतींवर अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात मनगटाला गार्ड न घालणाऱ्यांमध्ये मनगट दुखावण्याचा धोका दहा पटींहून जास्त दिसला. त्यामुळे आत कडक पट्टी असलेले रिस्ट गार्ड वेगळे घ्या, तुम्हीही घ्या. मोठ्यांचं हाड जुळायला जास्त वेळ लागतो. हेल्मेटवर ईएन 1078 असं लिहिलेलं बघा, ते युरोपियन मानक सायकलबरोबर स्केटिंगलाही लागू आहे. भुवईच्या दोन बोटं वर बसलं पाहिजे.

पावसाळ्यात शिकणार म्हणून आणखी थोडं. ओल्या जमिनीवरून आल्यावर चाकं कोरड्या फडक्याने पुसा आणि बूट पंख्याखाली ठेवा, बंद पिशवीत नको. नळाखाली धरू नका, बेअरिंग गंजतात. आणि खोबरेल तेल घालू नका. दरवर्षी कुणीतरी घालतंच, मग डिसेंबरच्या सकाळी ते गोठतं आणि मूल म्हणतं चाकच फिरत नाही. शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब पुरतो. घरात 13 नंबरचा पाना ठेवा, क्वाडच्या चाकांचे नट साधारण त्याच मापाचे असतात, आणि दर रविवारी सगळे नट हाताखालून घाला.

खरेदी झाली की लगेच खाली पळू नका. पहिले दोन दिवस तिला घरात, जाड सतरंजीवर ते घालून उभं राहू द्या. बसणं, उठणं, गुडघे वाकवून जागच्या जागी पावलं टाकणं, अर्धा तास रोज. नंतर मोजे काढून पाय बघा. मोज्याच्या विणीचे हलके वळ असतील तर ठीक आहे. एका जागी लाल ठिपका असेल आणि अर्ध्या तासाने गेला नसेल तर बूट चुकलाय, तिने तक्रार केली नसली तरी. नव्या स्केट्सच्या आनंदात मुलं दुखणं सांगत नाहीत. चाकं रस्त्याला लागलेली नसतील तर बरीच दुकानं बदलून देतात, म्हणून डबा आणि बिल तोवर टाकू नका.